बोडीतला मांडव कोणाला सुचला

पुतणीच्या लग्नाचा मांडव मला न देता गोंदियाच्या डेकोरेटरला द्यायचा, असं माझ्या मोठ्या भावाने ठरवलं. ते मला घरी बोलावून सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. त्याने सांगितलं पानठेल्यावर, चार लोकांत. "त्याचा दहा वर्षांपूर्वीचा मांडव पाह्यला ना? मंग आजचाही पाह्यलाच समजा. तापट डोक्यात नवीन काय उगवन?"

मी आमगावात बिछायत केंद्र चालवतो, म्हणजे मांडव, खुर्च्या, भोंगे भाड्याने देतो. दुसऱ्याचे बांबू वाहण्यापासून सुरुवात केली, मग सायकलवर भोंगा, मग शंभर खुर्च्या, आता मालाच्या दोन गाड्या. यातलं काहीही मला कोणी शांतपणे दिलेलं नाही. कापडवाला, जनरेटरवाला, घोडीवाला, सगळ्यांशी भांडून घेतलं आहे. आमच्याकडे भाव करताना आवाज चढला नाही तर समोरचा समजतो, याला माल नकोच आहे.

भावाचं बोलणं लागलं, कारण त्यात तथ्य होतं. माझा स्टेज वर्षानुवर्षं एकच: लाल-पिवळं कापड, मध्ये सिंहासनासारखा सोफा आणि दोन बाजूंना थर्माकोलचे दोन हत्ती. मध्यंतरी एका हत्तीचा कान तुटला, तेव्हा मी त्याची बाजू बदलली. एवढाच काय तो बदल.

त्याच आठवड्यात मुलगी नागपूरहून आली. ती मानसशास्त्र शिकते. सोबत कॉलेजचा एक जाड काळा चष्मा होता. डोळ्यांवर बांधला की माणूस आपल्या खोलीत बसून दुसऱ्या जगात जातो. अशा शांत, बनावट जागेत थोडा वेळ बसलं तर माणसाला नवीन गोष्टी जास्त सुचतात का, हा तिचा अभ्यास. तिला माणसं हवी होती आणि मी घरात फुकट होतो.

चष्म्याआधी परीक्षा झाली.

"बाबा, टोपलीचे जितके सुचतील तितके वेगवेगळे उपयोग सांगा."

"किती पाहिजेत?"

"जितके सुचतील तितके."

"असा कुठं सौदा राहते? आकडा बोल. तू वीस म्हणशील, मी आठ देतो."

"बाबा, हा बाजार नाही!"

शेवटी मी सहा सांगितले. त्यातले धान भरणं, शेण भरणं आणि माती भरणं हे तीन तिच्या मते एकच. हाताने शेण भरलेल्या माणसाला हे मान्य होण्यासारखं नव्हतं. आमचं वाजलं.

मग तिने चष्मा बांधला. समोर निळं तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, काठावर कुठल्याशा थंड देशातली उंच झाडं. पहिली काही मिनिटं मी तिथे किती खुर्च्या बसतील ते पाहत होतो. पण तिथे भाव सांगायला कोणी नव्हतं. जमिनीचा मालक कोण, तेही कळत नव्हतं. एक पक्षी अधूनमधून ओरडायचा, पण त्याला माझ्याकडून काही नको होतं. माझे खांदे खाली आल्याचं मुलीने मला नंतर सांगितलं. मी नुसता पाहत राहिलो. तळं खाली, काठ वर. काठावर कुठेही बसा, नजर आपोआप पाण्याकडेच जाते. स्टेज लागतच नाही.

भावाच्या घरामागे बोडी आहे, शेताला पाणी द्यायला चारही बाजूंनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून केलेलं लहान तळं. उन्हाळ्यात ती कोरडी पडते. लग्न उन्हाळ्यातच होतं. नवरा-नवरी खाली मधोमध, पाहुणे चारही बाजूंना पाळीवर. मी चष्मा काढला आणि कॅलेंडरच्या पाठीमागे चित्र काढलं. मुलगी दुसऱ्या परीक्षेचा कागद घेऊन उभी होती. तिला म्हटलं, थांब.

"मग आत्ताच जा काकांकडे," ती म्हणाली, "शांत आहात तोवर."

मी गेलो. भाऊ ओसरीत चहा पीत होता, वहिनी तांदूळ निवडत होती. मी हळू आवाजात म्हणालो, "दादा, मांडव मी करतो. भाव तू सांग."

त्याने चिडवायला म्हणून गोंदियावाल्याच्या निम्मा सांगितला.

"ठीक आहे," मी म्हणालो.

भावाने कप खाली ठेवला. "काऊन गा, ठीक आहे म्हणजे?"

"तू म्हणतोस तसं."

"पाह्य व," तो वहिनीला म्हणाला, "याले माह्या पोरीचं काम करायचंच नाही. भांडूनही नाही राह्यला."

"भाऊजी," वहिनीने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, "राग असन तर शिव्या द्या. पण असं परक्यावानी नका बोलू."

कागद माझ्या खिशातच होता. भाऊ उठला आणि गोंदियावाल्याला फोन लावायला लागला. थंड देशातलं ते तळं तिथेच आटलं.

"ठेव तो फोन!" मी ओरडलो. "कागद पाह्यला नाही अन् निकाल देऊन राह्यला! तुले अक्कल कोणी वाटली?"

वहिनीने डोळे पुसले. तिला बरं वाटलेलं दिसलं. भावाने कागद उलगडला.

"बोडीत? म्हशी बसतेत तिथं माही पोरगी बसन?"

"म्हशीले जागा कळते, तुले नाही कळत!"

"अन् वरात? वरात काय पाण्यावानी पाळीतून घुसन?"

"घुसन! जिथून पाणी येते तिथूनच घुसन!"

दोघेही मागच्या दाराशी गेलो. पावसाचं पाणी जिथून बोडीत उतरतं, तिथे पाळ तुटलेली आहे. तिथूनच वाजतगाजत वरात खाली उतरावी, हे चष्म्यात नव्हतं. ते भावाच्या टोमण्यातून आलं. की माझ्या उत्तरातून? मी म्हणतो उत्तरातून.

मग आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. शेजारी येऊन बसले. भाव गोंदियावाल्याच्या जवळपास गेला. म्हाताऱ्यांसाठी पाळीला पायऱ्या खणायचं ठरलं. हत्तींशिवाय लग्न झाल्यासारखं वाटणार नाही, अशी वहिनीची अट आली. मी हत्ती दिले.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "नेमकं कधी सुचलं? चष्म्यात की भांडणात?"

"बोडी चष्म्यात, वरात भांडणात."

"मग हे कुठल्या रकान्यात टाकू?" ती वैतागली. शेवटी तिने मला अभ्यासातूनच वगळलं. शांततेचा परिणाम मोजायचा होता आणि मी मध्येच दुसरं काहीतरी मिसळलं होतं.

लग्न दिवस मावळताना लागलं. पाळीवर माणसंच माणसं होती आणि कोणालाही मान उंच करावी लागली नाही. वरात पाण्याच्या वाटेने उतरली, तेव्हा नवरीसुद्धा हसली. नवरदेवाचा बाप भावाला म्हणाला, "गजब आहे हो! कोणी सुचवलं हे?"

माझा भाऊ हात जोडून म्हणाला, "असंच सुचलं बाप्पा, पाळीवर बसल्या बसल्या."

मी दोन पावलांवर माइकची वायर धरून उभा होतो. नवरीचा काका होतो, ओरडता येत नव्हतं. मी हसलो. तसं मी आयुष्यात फार कमी वेळा हसलो आहे.

आठ दिवसांनी पलीकडच्या गावातला एक माणूस आपली बोडी दाखवायला घेऊन गेला. मला नाही, भावाला. भाऊ गेलाही. परत येऊन त्याने मला फोन केला, "उद्या ये. पाळ लय उंच आहे, लोकं बसतीन कसे ते पाह्य. भाव मी बोलून आलो."

"किती बोलला?"

त्याने सांगितलं. मग मी अर्धा तास बोललो. माझी बायको उठून दुसऱ्या खोलीत गेली. त्या अर्ध्या तासातच, त्याला मूर्ख म्हणताना, उंच पाळीचं काय करायचं ते मला सुचलं.

ते मी त्याला सांगितलेलं नाही.