इंग्रजीतला मऊ शब्द

आदिलाबादच्या मंडल ऑफिससमोर, म्हणजे तिकडच्या तहसीलसमोर, बाबाराव छत्तीस वर्षं अर्ज लिहीत आले. मराठी घरची, उर्दू बापाकडून आलेली, तेलुगू कामापुरती. पण जीव जडला तो इंग्रजीवर. पुठ्ठा निखळलेला एक जाडजूड शब्दकोश ते फडक्यात गुंडाळून रोज टेबलावर आणून ठेवत आणि गिऱ्हाईक नसलं की एकेक शब्द उलगडत बसत. असल्या ज्ञानाने चूल पेटत नाही, हे त्यांची बायको त्यांना रोज ऐकवी, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

त्यांच्या हाताखालून सर्वांत जास्त गेलेला शब्द म्हणजे ‘विडो’. पेन्शन म्हणू नका, विरासत म्हणजे वारसाची नोंद म्हणू नका, सगळीकडे तो लागायचाच. नवरा गेलेल्या बाईसमोर ‘विधवा’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, ही अर्ज लिहिणाऱ्यांची जुनी रीत. आपल्याकडे त्या शब्दाला शिवीचा वास येतो. म्हणून बाबाराव तो इंग्रजीत लिहून मोकळे व्हायचे. बाईला कळत नाही, म्हणजे लागत नाही, अशी त्यांची समजूत.

एकदा शब्दकोशात त्यांना सापडलं, की ‘विडो’ हा इंग्रजीतला हजार वर्षांहून जुना शब्द आणि आपला ‘विधवा’ एकाच मुळातून आले. वेगळं पडणं, रितं होणं, हा त्या मुळाचा अर्थ. छापखान्यात परिच्छेदाची शेवटची ओळ नव्या पानाच्या माथ्यावर एकटी पडली, तर तिलाही विडो म्हणतात. आणि नवरा जिवंत, पण परगावी, अशी बाई म्हणजे ‘ग्रास विडो’. बाबारावांनी हे चहाच्या टपरीवर भेटेल त्याला ऐकवलं. आपण मऊ म्हणून वापरला तो शब्द ‘विधवा’चाच सख्खा भाऊ निघाला, यावर मात्र त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. शहाण्या माणसाचं असंच असतं, पुस्तकातलं दिसतं, समोरचं दिसत नाही.

जैनथकडच्या वच्छलाबाईचा नवरा उद्धवराव आठ वर्षांपूर्वी मंचेरियलला कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. ना फोन, ना प्रेत. बाई त्याच्या नावच्या दोन एकरांत वांगी-मेथी पिकवून जगत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. कुणी विचारलं की एकच उत्तर, “तो जित्ता हाय.” अशात दीर ते शेत आपल्या नावावर करायला निघाला. वाचवायचा एकच रस्ता होता: सात वर्षांच्या वर बेपत्ता म्हणून नवरा मेल्याचं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं आणि विरासत करायची. हे कळलं तर बाई अंगठा देणार नाही, हे बाबारावांना पक्कं ठाऊक होतं.

“हे काय लिवलं, भाऊ?” तिने नावाशेजारी बोट ठेवून विचारलं.

“विडो.”

“म्हंजे?”

“नवऱ्याच्या मागं शेत सांभाळणारी मालकीण.”

बाई खूश झाली. तिने अंगठा ठसठशीत उठवला. कोर्टातही बाबारावांनी शिकवलं तशी मान हलवली. वर्षभराने पट्टा पासबुक, शेताच्या मालकीचं पुस्तक, तिच्या हातात आलं आणि बाबारावांना आपण पुण्य केलं असं वाटलं.

दीर शेताच्या भांडणात हरला, पण गप्प बसणारा नव्हता. कोर्टाच्या हुकमाची नक्कल त्याने शेजारच्या शिकलेल्या सपनाकडून वाचून घेतली आणि भावकी गोळा केली. “कागदावर रांड, अन् कपाळाले कुंकू?” ज्याचं प्रेत मिळत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, ही या लोकांची चाल. पुतळा झाला. उद्धवरावाचा जुना सदरा त्याला घातला, ओढ्याकाठी अग्नी दिला. बायकांनी वच्छलाबाईला धरून बांगड्या फोडल्या, पदराने कुंकू पुसलं. ती ओरडत होती, तो जित्ता हाय म्हणून. दिराने तिच्यापुढे नुसता कागद धरला.

तेरा दिवस उलटल्यावर ती बाबारावांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. मनगटावर काचांचे ओरखडे होते. बाबारावांनी पाण्याचा गिलास पुढे केला, तो तिने घेतला नाही.

“तुमाले ठावं होतं?”

“वच्छलाबाई, तुमचं शेत जाऊन राह्यलं होतं...”

“म्या ते नाई इचारलं.”

“होतं ठावं.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“तुमाले वाईट वाटलं असतं.” हे म्हणताना बाबारावांना स्वतःची लाज वाटली.

“शेत ठेवू का माणूस ठेवू, हे म्या ठरवलं असतं. शेत सोडलं असतं, नाई तं आपल्या हातानं कुंकू पुसलं असतं.” तिचा आवाज चढला नाही. “नऊ वर्सं म्या एकलीनं त्याले जित्ता ठेवला, भाऊ. अन् तुमी माह्याच अंगठ्यानं त्याले मारला.”