सालईवरची गवताची वेणी

तीन वर्षं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी नाही, आमच्या निसर्गमंडळात नाही. डायरीतही नाही — आणि मी तर सगळंच लिहून काढणारा माणूस. परवा पहिल्यांदा तोंड उघडलं. आता तुम्हाला सांगतो, कारण माझं ते पत्रक कदाचित तुमच्याही हातात पडलं असेल.

पत्रकांवरच मी वाढलो. वडील पाचोऱ्याला मास्तर. रविवारी ओट्यावर पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि आम्ही भावंडं घड्या घालायचो. पाणी, दारू, हुंडा. छापलेलं ते खरंच असतं, असं मला फार उशिरापर्यंत वाटायचं. पुढे जळगावला आलो, मीही लिहू लागलो. पहिलं पत्रक पक्ष्यांवर फ्लॅश मारणाऱ्यांविरुद्ध. भाषा कडक होती. ते अजूनही मला चुकीचं वाटत नाही.

मग लेन्स घ्यायची वेळ आली. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

वसीमभाईंच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात दोन लेन्स काउंटरवर होत्या. एक सत्तर-दोनशे, २.८ — भरपूर उजेड घेणारी, पहाटेच्या जंगलातही फ्लॅशशिवाय चालणारी. दुसरी सहाशेपर्यंत पोचणारी, लांबचा पक्षी जवळ आणणारी, पण उजेड कमी घेणारी.

"दोनशेला पिंगळा शेंगदाण्याएवढा येईल, दादा," वसीमभाई म्हणाले.

"मला फ्लॅश वापरायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व ठेवा ना. पण लेन्स कमी पडली की पाय पुढे जातात. मैंने बहोत लोग देखे."

"माझे नाही जाणार," मी म्हटलं. २.८ घेतली.

तत्त्व खरं होतं. पण त्या लेन्सनं फोटोत पक्ष्यामागचं सगळं जंगल धूसर होऊन लोण्यासारखं वितळून जातं, तेही मला हवं होतं. हे तेव्हा कोणाला सांगितलं असतं का मी?

रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर जामसिंग आबा राहतात. सालईच्या झाडांचा डिंक काढायचे. रानपिंगळ्याचं घरटं त्यांनीच मला दाखवलं. दिवसा हिंडणारं हे लहानसं घुबड आता मोजक्याच जंगलांत उरलंय. आबांच्या पाड्याची एक रीत आहे — ज्या झाडाच्या ढोलीत घरटं, त्याच्या खोडाला गवताची वेणी बांधायची. वेणी दिसली की त्या झाडाला कोणी कुऱ्हाडीची खाच देत नाही. पिल्लं उडेपर्यंत त्या झाडाचा डिंक सोडून द्यायचा. त्या सालईला वेणी आबांनीच बांधली होती. मला त्यांनी एका पळसापाशी उभं केलं आणि म्हणाले, इथून पाहा, याच्या पुढे जाऊ नका.

पाच दिवस मी पळसापाशी बसलो. पाचही दिवस शेंगदाणा.

सहाव्या दिवशी एकटा होतो. आधी चार पावलं. मग आणखी. उजेड कोवळा होता, ढोलीच्या तोंडाशी मादी होती — मी थांबू शकलो असतो, नाही का? ती उडाली. ती परत येतानाचा फोटो मिळेल म्हणून मी तिथेच उभा राहिलो. नर चोचीत सरडा धरून लांबच्या फांदीवर बसला, ओरडत राहिला, जवळ आला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर ढोलीकडे कोणीच आलं नाही.

मंडळात विचारणा झाली — घरटं का सोडलं असेल? माझ्याकडे सालईचा फोटो होता, खोडाला वेणी बांधलेली. मी पत्रक लिहिलं. 'तोडीसाठी खूण केलेलं झाड' असं त्या फोटोखाली छापलं. वेणीचा अर्थ जळगावात एकट्या मला माहीत होता. आबांचं नाव मी टाकलं नाही, 'डिंक काढणारे' एवढंच लिहिलं. आणि याला मी सभ्यपणा समजत होतो.

पत्रक वनकार्यालयात पोचलं. तो पट्टा डिंकवाल्यांना बंद झाला. आबा तेव्हापासून रावेरला केळीच्या कटाईवर जातात.

परवा ते मला एका बागेत सापडले, ट्रॅक्टरजवळ, खांद्यावर घड. मी सांगितलं — आबा, वेणीचं खोटं मी लिहिलं. पळसाच्या पुढे मीच गेलो होतो.

त्यांनी घड खाली ठेवला.

"अंडी व्हती का पिल्लं?"

"माहीत नाही, आबा."

"किती दिवस गेलता?"

"तीन."

"तीन दिवस उभा राह्यला, अन् माहीत नाही तुले." शेजारचा मजूर हसला. आबा हसले नाहीत. "साहेबाले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले काय सांगू राह्यला? वेणी कायची व्हती ते मले माहीतच हाये. ज्याले माहीत नाही त्याले सांग."

त्याच दुपारी वनकार्यालयात जाऊन लेखी दिलं, खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

लिहायला लाज वाटते, पण बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. फार हलकं. एसटीत खिडकीला डोकं टेकलं आणि झोप लागली ती जळगाव आलं तरी मोडेना. कंडक्टरनं हलवून उठवलं. आबांचं रान अजून बंदच आहे, आणि मी मात्र झोपलो — हेही तुम्हाला माहीत असावं.

पट्टा उघडेल की नाही, मला माहीत नाही. ते घरटं जामसिंग आबांनी राखलं होतं. मी मोडलं. पत्रक लिहिताना हे मला पक्कं ठाऊक होतं.