शेवंतीबाईंचा ‘ऑप्शन’

तोंडवलीच्या शेवंती पालव बाईंचा आवाज खणखणीत होता. शाळेच्या मैदानातून त्यांनी हाक मारली की वाळूत होडी ओढणारी माणसंसुद्धा वळून बघत. चोवीस वर्षं त्या हायस्कुलात खेळ शिकवत होत्या. कोणी कुठे उभं राहायचं, कधी पळायचं, कधी थांबायचं, सगळं त्या कडेला उभ्या राहून ओरडून सांगत. घरीही तीच तऱ्हा. नवरा मंगेश पर्यटकांसाठी चार खोल्या चालवी, पण आलेल्या पाहुण्यांनी बांगडा खायचा की सुरमई हे बाईच ठरवत. मंगेशची त्याला हरकत नव्हती. तो म्हणायचा, “माझा डोक्या थंड रवता.”

दोन वर्षांपूर्वी त्यांना पुण्याला सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. खेळ होता फ्लॅग फुटबॉल. अमेरिकन फुटबॉलचाच हा धाकटा भाऊ, पण यात कोणी कोणाला आडवं पाडत नाही. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फिती. चेंडू जिच्या हातात तिची एक फीत खेचली की डाव थांबला. पलीकडची शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण.

बाईंच्या डोळ्यांपुढे आपल्या मुली आल्या. चणीने लहान, पायाने चपळ. लांब फेक करायला लागतो तसला दणकट हात एकीचाही नव्हता. “आमका ह्यो खेळ झेपाचो नाय,” असं त्यांनी मंगेशला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

पाचव्या दिवशी प्रशिक्षकाने ‘ऑप्शन’ नावाचा डाव पडद्यावर दाखवला. अमेरिकेतल्या लष्करी अकादमींचे हलक्या अंगाचे संघ हा डाव घोटून घोटून धिप्पाड संघांना जेरीस आणतात, असं तो म्हणाला. डाव ऐकायला सोपा. चेंडू घेतलेली मुलगी कडेच्या दिशेने पळत सुटते. तिच्या बाजूला, दोन पावलं मागे, तिची जोडीदार पळते. समोरच्या संघातली कडेची एक मुलगी मुद्दाम मोकळी सोडायची. तिला अडवायचंच नाही. ती चेंडूवालीच्या अंगावर आली, तर चेंडू मागे जोडीदाराकडे टाकायचा. ती जोडीदाराकडे धावली, तर चेंडू स्वतःकडे ठेवून पुढे निघायचं. तिने काहीही केलं तरी चूक तिचीच ठरते.

बाई खुर्चीतच सरसावून बसल्या. अंगात बळ नसलं तरी चालेल, नजर हवी, असा खेळ त्यांना सापडला होता.

गावी परतल्यावर ओहोटीच्या वेळी, घट्ट वाळूवर सराव सुरू झाला. जुन्या ओढण्या फाडून फिती केल्या. चेंडू एकच होता, म्हणून बाकीच्या मुली सुकलेल्या असोल्या, न सोललेल्या नारळांनी टाकाटाक करत. नारळानंतर खरा चेंडू हातात आला की तो कापसाचा वाटे. काजूच्या बागायतदाराची समीक्षा चेंडू घेऊन पळायची आणि शिक्षकाची मुलगी श्रिया तिची जोडीदार. दोघींनी तो एक डाव दिवसाला साठ-साठ वेळा केला.

तरी जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्यात घोळ झाला. समीक्षा पळत सुटली, समोरची मुलगी अंगावर आली आणि बाई कडेवरून गरजल्या, “टाक गोऽऽ!” समीक्षाने टाकला, पण क्षणभर उशिरा. चेंडू श्रियाच्या मागे जमिनीवर पडला आणि डाव फुकट गेला. सामना कसाबसा जिंकला, पण बाई संतापल्या होत्या.

“माझ्याकडे कित्याक बघत होतंस? समोर बघूचा!”

समीक्षा खाली मान घालून फीत गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाई, तुमचा आयकूक गेलंय तर ती पोचता. मीच बघलंय तर माका वेळ गावता.”

बाईंना असं उत्तर कोणी कधी दिलं नव्हतं. गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि त्यांना आपले कबड्डीचे दिवस आठवले. चढाईला गेल्यावर मागून कोण काय ओरडतंय ते कधी कानात शिरलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या खेळाडूचा गुडघा कुठे वळतोय एवढंच दिसायचं. तेव्हा आपण कोणाला विचारलं होतं?

घरी येऊन त्यांनी मंगेशला सांगितलं, “उद्यापास्ना मी मैदानात गप.”

मंगेश आधी हसला. मग बायकोचा चेहरा बघून म्हणाला, “डॉक्टराक दाखवया काय?”

विभागीय स्पर्धेत उपांत्य सामना घाटावरच्या एका शाळेशी पडला. त्यांच्या मुली उंच, खांद्याने भरलेल्या. पहिल्या अर्ध्या वेळात त्यांना ऑप्शन कळलाच नाही. समीक्षाला धरायला जावं तर चेंडू श्रियाकडे, श्रियाकडे जावं तर समीक्षा पसार. बारा गुण झाले. पण दुसऱ्या अर्ध्यात त्यांची कडेची लांब वेणीवाली मुलगी शहाणी झाली. ती कोणाकडेच जाईना. दोघींच्या मधोमध रेंगाळू लागली आणि तेवढ्यात तिच्या मैत्रिणी येऊन पोचत. बघता बघता बारा-बारा झाले.

शेवटचा डाव. समीक्षा उजवीकडे पळाली. वेणीवाली पुन्हा अधांतरी. कडेला उभ्या बाईंना श्रिया अगदी मोकळी दिसत होती. “टाक” हा शब्द ओठांपर्यंत आला. त्यांनी शिटी दातांत गच्च धरली.

समीक्षाने हात मागे नेला. वेणीवाली श्रियाकडे झेपावली. पण चेंडू सुटलाच नव्हता! समीक्षा आत वळली, समोरच्या दोघींच्या हातांखालून वाकून निसटली आणि थेट रेघेपलीकडे जाऊन पडली.

मुलींनी एकच गिल्ला केला. नंतर बाईंनी विचारलं, “श्रिया मोकळी होती, मगे टाकलंस नाय कित्याक?”

“मोकळी खंय? तिच्या मागसून एक येयत होती. तुमका थंयसून दिसाक नाय.”

“नाय दिसाक,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना फार बरं वाटलं.

अंतिम सामना मात्र मुली हरल्या. समोरच्या संघाचे प्रशिक्षक देवेश सरांनी उपांत्य सामना वही घेऊन पाहिला होता. त्यांनी एक मुलगी फक्त समीक्षावर आणि एक फक्त श्रियावर नेमली. काही झालं तरी आपली जागा सोडायची नाही, असं बजावलं. निर्णयच घ्यायचा नाही म्हटल्यावर चूक कशी होणार? पिछाडीवर पडल्यावर लांब फेक हवी होती, ती मुलींकडे नव्हती. रुपेरी करंडक घेऊन त्या परतल्या आणि गाडीत कणकवलीपर्यंत गाणी म्हणत आल्या.

नाताळच्या सुट्टीत देवेश सर बायकोमुलांसह मंगेशच्याच खोलीत उतरले. संध्याकाळी बाहेर, किनाऱ्यावरच्या उंच ओट्यावर चहा घेताना ते म्हणाले, “बाई, तुमचा डाव मी मोडला खरा, पण तो बसवायला मला दोन वर्षं लागली असती. पुढच्या वर्षी काय करणार?”

“ते मुली ठरवतील,” बाई म्हणाल्या.

खाली वाळूवर समीक्षा आणि श्रिया पळत होत्या. आता त्यांच्या आतल्या बाजूने नववीतली इशिताही पळत होती. समीक्षाने चेंडू आधी तिच्या पोटाशी नेला, काढला की दिला ते वरून कळेना, आणि तिघी तीन वाटांनी फुटल्या. देवेश सर कप खाली ठेवून उठून उभे राहिले.

“हे काय नवीन?”

“चहा घ्या सर, निवतोय,” शेवंतीबाई म्हणाल्या आणि सरांची खुर्ची समुद्राकडे पाठ होईल अशी फिरवून ठेवली.