नाक आवरायची परीक्षा

महागावात माझ्या नाकाचा दबदबा होता. गॅस वेल्डिंगचं दुकान आणि जोडीला शेगड्यांची दुरुस्ती. तीस वर्षं एकच रीत: नळी जोडायची, वाकायचं, गॅसचा वास येतो का म्हणून नाक लावायचं आणि सांगून टाकायचं, घेऊन जा. यवतमाळला हायड्रोजनच्या प्लांटसाठी माणसं शिकवायला घेतायत हे कळलं, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असूनही मी शटर ओढलं आणि निघालो. पास झालो तर पाइपलाइन तपासायची पक्की नोकरी. नापास झालो तर तेच दुकान आणि वर गावाची थट्टा.

वर्गात कोणी हायड्रोजन काढायचं पाणी शुद्ध करायला शिकत होतं, कोणी कॉम्प्रेसर, कोणी कंट्रोल रूम. माझ्या वाट्याला गळती आली. मी मनात म्हटलं, हे तर आपलं घरचंच काम.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी भर दुपारी अंगणातल्या एका पाइपाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "काका, हे पेटलेलं आहे की बंद?"

मी ऐटीत पुढे झालो. ज्योत नाही, वास नाही. "बंद हाय," म्हटलं. त्यांनी दंडाला धरून मला मागे ओढलं आणि पाइपाच्या तोंडापुढे लांब दांड्याचा झाडायचा फडा धरला. फडा भरकन पेटला. हायड्रोजनला वास नसतो आणि उन्हात त्याची ज्वाला दिसत नाही, हे त्या आम्हाला नंतर सांगणार होत्या. पोरं हसली. मला मात्र घाम फुटला, कारण अजून दोन पावलं गेलो असतो तर मिशा गेल्या असत्या.

मॅडमनी मग नियमच केला: जोडाजवळ नाक नेलं की नापास. गॅस ओळखणारा मीटर धरायचा, साबणाचा फेस लावायचा, फुगे बघायचे, आणि आतलं प्रेशर उतरवल्याशिवाय जोडाला पाना लावायचा नाही. पण जित्याची खोड! ब्रश हातात असायचा आणि नाक आपोआप पुढे जायचं.

रविवारी घरी हे सांगितलं, तर बायकोने माझी शिकवणीच लावली. भरताच्या भांड्यावर जरा वाकलो की पळी आडवी.

"कायले खुपसून राह्यले नाक? झाले नापास."

"अवं, भूक लागली मले."

"मंग डोयानं पाहा आन् खा."

तीन रविवार असे गेले. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढे कधी हसलो नव्हतो, आणि जेवण एवढं गारही कधी झालं नव्हतं.

परीक्षेला पाइपांत साधा, न पेटणारा नायट्रोजन भरला होता आणि एका जोडात मुद्दाम गळती ठेवली होती. मान ताठ ठेवून एकेका जोडाला फेस लावत गेलो. सहाव्यावर फुगे आले. तरी मी थांबलो नाही. अकराव्यावर मोहरीएवढा एक फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

"मॅडम, अजून एक हाय."

"काका, एकच ठेवलीय."

"पाहून तं घ्या."

त्या वाकल्या, त्यांनी पाहिलं आणि चपापल्या. ही गळती कोणी ठेवली नव्हती, ती खरीच होती. घाईघाईने पाना घेऊन त्या जोड आवळायला गेल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"आधी प्रेशर उतरवा, मॅडम. तुमीच शिकवलं."

मला वाटलं, संपलं, आपण आगाऊपणा केला. मॅडमनी पाना खाली ठेवला, व्हॉल्व्ह उघडून प्रेशर उतरवलं आणि काटा शून्यावर आल्यावर पाना माझ्या हातात दिला. "आवळा," म्हणाल्या, आणि कागदावर माझ्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं. मी जोड आवळला खरा, पण डोळे इतके भरून आले होते की फुगे थांबले का, ते त्यांनाच बघावं लागलं.