कात्री थांबवणारा शब्द

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात माझे केस कापणारे आजोबा पंच्याऐंशीचे आहेत, लहानपणी युरोपातून आलेले. दुकानातल्या टीव्हीवर एखादा नेता शेजारच्या देशाला फॅसिस्ट म्हणाला, की ते कात्री थांबवतात आणि पडद्यालाच विचारतात, "त्यांनी केलं काय, ते सांग!"

परवा खुर्चीत बसूनच मी फोनवर मित्राला म्हणालो, "आपल्या मराठी मंडळाचं नाटक रद्द केलं यार. अध्यक्ष फॅसिस्ट आहे!"

माझ्या मराठीतला तेवढा एकच शब्द आजोबांना कळला. कात्री थांबली.

"त्याने केलं काय?"

मी नाटकाचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"फॅसिस्टांनी माझ्या बापाची दोन बोटं तोडली. युद्ध संपल्यावर शेजारच्या देशाला आमचं गाव हवं होतं, म्हणून त्यांनी आम्हालाच फॅसिस्ट ठरवलं. मोठ्या देशांनी माना डोलावल्या आणि सरहद्द सरकवली. बाप प्रत्येक कचेरीत तो हात टेबलावर ठेवायचा. कुणी बघितलासुद्धा नाही. टीव्हीला असं विचारून मी तो हात अजून दाखवतोय. नाटकासाठी हा शब्द वापरायचा नाही, माझ्या दुकानात तर नाहीच."

माझे अर्धेच केस कापून झाले होते आणि आजोबा जागचे हलेनात. मी शब्द मागे घेतला, तेव्हा कुठे कात्री चालू झाली.