वेल्डरचा नवरा परत येतो

बर्नी ह्रुस्का अमेरिकेतल्या आमच्या तळ्याकाठच्या लोरेन शहरात बस चालवते. बुधवारी तिची पाळी दुपारी संपते आणि ती वर्दीतच माझ्या दुकानात येते, कारण नवी कॉमिक्स बुधवारी येतात. दुकान माझं आहे, पण बुधवारी दुपारी ते तिचं असतं. काउंटरच्या टोकाशी उभी राहून ती अंक वाचते, संपला की आपटते आणि मत देते. मत कुणी मागितलेलं नसतं. तरी चार-पाच जण त्यासाठीच रेंगाळत असतात, आणि तिचं तोंड बघितल्याशिवाय खिशात हात घालत नाहीत. धंदा ती कधी तारते, कधी बुडवते.

"हे बघ, गॉर्डी," 'हार्बर सेव्हन'चा ताजा अंक माझ्या नाकासमोर नाचवत ती एकदा म्हणाली, "पुन्हा बस फेकली! सात जणांना मिळून एक राक्षस आवरत नाही, आणि त्या राक्षसाला फेकायला बसच सापडते. आत कोण होतं? ड्रायव्हर मेली की जगली? पुढच्या पानावर हे सातही जण कॉफी पितायत!"

"रिकामी असेल गं," डेझमंड म्हणाला. डेझमंड समोरच्या औषधांच्या दुकानात काम करतो. बर्नीला डिवचल्याशिवाय त्याचा बुधवार जात नाही.

"भर दुपारी, मोठ्या रस्त्यावर, रिकामी? तू जन्मात कधी बसमध्ये चढलायस का रे?"

'डॉक्टर बॅरोमीटर'ची गतही काही वेगळी नव्हती. "ढग सुरेख काढलेत. बघत राहावेत असे. पण गोष्ट कुठाय? गडी एका पानात चक्रीवादळ थांबवतो आणि उरलेला अख्खा अंक खिडकीत उभा राहून उसासे टाकतो. उसासे मला फुकटात मिळतात, बसमध्ये. मागच्या सीटवर."

एका 'वेल्डर'पुढे मात्र तिचा आवाज खाली यायचा. वेल्डर म्हणजे नोरा. दिवसा जहाजांच्या गोदीत लोखंड जोडते आणि वेळ आली की तळहातातून आग काढते. तिचा नवरा जेब फार जुन्या एका अंकात क्रेनखाली सापडून गेला. खलनायक नाही, कट नाही, साधा अपघात. आता आमच्या सुपरहिरोंच्या दुनियेत मरण म्हणजे सर्दी, येते आणि उतरते. आई परत येते, गुरू परत येतो, कुत्रीसुद्धा परत येतात. जेब तेवढा कधी आला नाही. बर्नी शाळेत असल्यापासून वेल्डर वाचते, आणि तिचं ठाम म्हणणं होतं की या उडणाऱ्या लोकांच्या गर्दीत खरीखुरी विधवा एकच आहे. दोन वर्षांपूर्वी बर्नीचा नवरा एमिल हृदय बंद पडून गेला. तेव्हापासून हे वाक्य ती म्हणेनाशी झाली, आणि आम्हीही ते कुणी काढलं नाही.

या वसंतात जाहीर झालं की जेब परत येतोय.

गिऱ्हाइकं वेडी झाली. त्या अंकाचं एक खास मुखपृष्ठ निघालं: दारात उभा जेब, हात पसरलेले, मागे सकाळचं ऊन. थोड्याच प्रती होत्या. डेझमंडने कुठून कुठून फोन करून एक मिळवली. आम्ही नेहमीच्या मंडळींनी ती कडक पुठ्ठा लावून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बुधवारी तिच्यासमोर ठेवली. डेझमंडचा चेहरा लग्नघरातल्या मामासारखा फुलला होता. जगातला कुठलाही शहाणा माणूस विधवेला असली भेट देणार नाही. पण आम्ही कॉमिकवाले. परत येणं ही आमच्याकडे आनंदाचीच बातमी असते.

बर्नीने मुखपृष्ठाकडे बराच वेळ बघितलं.

"ही अक्कल कुणाची?"

डेझमंडने हात वर केला.

"मला बरं वाटेल असं वाटलं तुला?"

"हो. म्हणजे... हो."

"मन चांगलं आहे तुझं, डेझमंड. डोकं मात्र कुणाला तरी दाखव." तिने अंक आपल्या खांद्यावरच्या पिशवीत कोंबला आणि माझ्याकडे वळली. "गॉर्डी, माझ्या खोक्यातून वेल्डर बंद कर."

काउंटरमागे प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावाचा एक खोका असतो. त्याची ठरलेली कॉमिक्स आली की मी त्यात टाकून ठेवतो. बर्नीच्या खोक्यात पहिला अंक पडायचा तो वेल्डरचा. बाकीची नावं आली, गेली. एक अंक खपला नाही म्हणून माझं दिवाळं निघत नाही. पण वेल्डर सुटली तर ही बाई बुधवारी येईल कशाला? बस फेकली म्हणून भांडायला किती दिवस येणार? घरी तिची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ती इथली वाटही विसरली असती. तिला गमावायची मला भीती वाटली, सरळच सांगतो.

"बर्नी, एवढी वर्षं वाचतेयस," मी म्हटलं.

"म्हणूनच. पण आज नको काढूस. पुढच्या शनिवारी वेल्डरचा लेखक येतोय ना तुझ्याकडे सह्या करायला? आधी त्याच्या तोंडावर सांगते, मग काढ. पाठीमागे बोलणाऱ्यांतली मी नाही."

शनिवारी तळ्यावरून बोचरा वारा येत होता, तरी रांग फुटपाथवर गेली होती. लेखक टोबिन क्रेल अंगाने काडी, दाढी नुकती फुटल्यासारखी. एक मुलगी वेल्डरचे हातमोजे घालून आली होती आणि दोघे जण 'जेब! जेब!' ओरडत होते. बर्नी चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून आली. मी तिला पुढे बोलावलं, तर म्हणाली, "रांग आहे ना? मग रांगेतूनच येईन."

"आज रक्त सांडणार," डेझमंड माझ्या कानाशी पुटपुटला.

तिची पाळी आली. तिने तोच अंक टेबलावर ठेवला. प्लास्टिक फाडलेलं होतं. टोबिनने पेनाचं टोपण काढलं.

"कुणाचं नाव घालू?"

"नाव राहू दे. आधी ऐक. आठव्या पानावर तो दारात उभा राहतो आणि आठव्याच पानावर ती त्याच्या गळ्यात पडते. पोरा, तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"दिसतंच आहे. माझा एमिल दारात आला ना, तर मी आधी त्याच्यावर ओरडेन. कुठे उलथला होतास म्हणून. मग मला आठवेल की त्याचे बूट मी चर्चमध्ये देऊन टाकले, आणि मला लाज वाटेल. पलंगाच्या मधोमध झोपायची सवय लागली, त्याचीही वाटेल. हे सगळं झाल्यावर पडले तर पडेन गळ्यात. नोराने इतकी वर्षं काढली आणि तू ती एका चौकटीत पुसून टाकलीस. हातातून आग काय, इथे कुणाच्याही निघते. त्याच्याशिवाय रोज उठून कामावर जायची, ती तिची ताकद होती."

टोबिनचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा उठून जातो.

"बाई," तो हळू म्हणाला, "मी तसंच लिहिलं होतं. ती आधी ओरडते, तीन पानं. वरच्यांनी कापलं."

"मग भांडायचं होतंस."

"भांडलो." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि टेबलावर वाकला. पुढच्या अंकातलं आधी फोडणं हे आमच्यात पाप. पण तो बोलला, आणि मी शेजारीच अंकांची चळत धरून उभा असल्यामुळे मलाही ऐकू आलं. "तो राहणार नाहीये. पानगळीच्या अंकात पुन्हा मरतो. आणला तेव्हाच ठरलं होतं. मेल्यावर अंक जास्त खपतो."

बर्नीही टेबलावर वाकली.

"म्हणजे तिने त्याला पुन्हा पुरायचं?"

"हो."

"तिला ठाऊक आहे?"

हा प्रश्न ऐकून दुसरा कुणी हसला असता. टोबिनने मान हलवली. "अजून नाही."

तिने अंक उचलला. सही घेतली नाही. तशीच काउंटरशी आली. रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीवर होत्या. मी तिचा खोका खाली काढला होता. तिनेच सांगितलं होतं, ऐकणं भाग होतं.

"काढतो," मी म्हटलं.

"हात लावू नकोस. वेल्डर चालू राहू दे."

"अगं, पण तूच तर..."

"अंक भिकार आहे. माझं मत बदललेलं नाही, आणि बुधवारी मी ते सगळ्यांना ऐकवणार आहे." ती कोटाची बटणं लावत होती, आणि वरचं बटण काही केल्या लागत नव्हतं. "पण एमिलला पुरून आले त्या रात्री घरात माझ्याबरोबर नोरा एकटीच होती, गॉर्डी. आता तिच्यावर दुसऱ्यांदा वेळ येतेय, तर तिला सोडून मी कशी जाऊ?"