फ्लॉपीला लावलेला टिळा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुंभकोणमला आमच्या घरी माझ्या फ्लॉपीची पूजा झाली. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. आमचं घर तंजावरी मराठी... घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. (पुण्यात आल्यावर माझं मराठी सुधारलं असं इथले मित्र म्हणतात. मी हसून सोडून देतो.)

नवमीला आमच्याकडे पुस्तकं, वह्या, वीणा, सगळं देवापुढे मांडतात. त्याला गंध-कुंकू लावतात आणि दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी तेव्हा बीएस्सी होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो, आणि या सगळ्यावर मनापासून वैतागलेला होतो. त्या वर्षी अम्मानं, म्हणजे आईनं, पुस्तकांशेजारी माझी फ्लॉपीही मांडली.

माझा देव कॉम्प्युटर. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रोज एक तास मिळायचा, त्यात मी तिसरीच्या मुलांसाठी पाढ्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. सॉफ्टवेअरला तमिळ येत नव्हतं, मराठी तर सोडाच. मग एकेक अक्षर ठिपके जोडून स्क्रीनवर काढलं... त्यात तीन महिने गेले.

गावाला लागूनच असलेल्या मेलकावेरीतल्या एका शाळेत नवा कॉम्प्युटर आला होता. हेडमास्तरांनी सांगितलं, दसऱ्याला सुटी असली तरी अकरा वाजता ये, प्रोग्रॅम दाखव. पसंत पडला तर कॉम्प्युटर शिकवायची नोकरी तुझी.

प्रोग्रॅम त्या एकाच फ्लॉपीवर होता. आता त्याची कॉपी का नव्हती, ते सांगतो. कॉपीसाठीच मी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून दुसरी फ्लॉपी आणली होती, ती पहिल्या दिवसापासून बंद. दुकानदार थंडपणे म्हणाला, "पाकीट फोडलंत ना सार, आता बदलून मिळणार नाही." वर आता सुटी एक विकत नाही, अख्खा बॉक्स घ्या म्हणाला. तेवढे पैसे माझ्याकडे कुठले? रागाच्या भरात ती मेलेली फ्लॉपी मी फेकलीही नाही... टेबलावर समोरच ठेवली, रोज बघून चिडायला.

तर दसऱ्याची सकाळ. पूजा आटोपली, मी देवापुढून फ्लॉपी उचलली आणि तशीच खिडकीपाशी उजेडात नेली.

ज्यांनी ती जुनी मोठी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी... पापडासारखी वाकणारी काळी चौकोनी वस्तू. मधे एक लांबट उघडी खिडकी, त्यातून आतली तपकिरी चकती दिसते. त्या चकतीवरच सगळं लिहिलेलं असतं. आणि बरोब्बर त्या खिडकीत ठसठशीत गंध, त्यावर कुंकू.

"काळ्यावर कुंकुम दिसेना रे," अम्मा म्हणाली. "मध्यें जागा सोडली होती. टिळ्यासाठींच असेल म्हणून लावलें."

मी तिला काय काय बोललो ते इथे सगळं लिहवत नाही. तुझ्या देवानं माझी नोकरी खाल्ली, असंही म्हणालो.

आत काय असतं ते तिला दाखवायलाच, मी ती मेलेली फ्लॉपी कात्रीनं एका कडेनं उघडली. चकती बाहेर काढून तिच्यापुढे धरली. हे बघ, याच्यावर माझे तीन महिने होते, म्हटलं.

अम्मानं ती हातात घेतली, उजेडात धरली, बोटानं कड चाचपली. मग म्हणाली, "पट्टूवर गंध सांडलें तर काय करतों? घासायचें नव्हें. पाणी सोडायचें."

पट्टू म्हणजे रेशमी साडी. आमच्या गावात लग्नागणिक पट्टूवर गंध सांडतं, आणि नात्यातल्या बायका ती साडी घेऊन अम्माकडेच येतात. पण हा पट्टू नव्हता... आणि मला दुसरं काही सुचतही नव्हतं. नऊ वाजून गेले होते.

मी खरी फ्लॉपी उघडली. अम्मानं गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेतला, चकती फक्त कडेनं धरली आणि बारीक धार सोडली. दहा-बारा वेळा तरी. कुंकू गेलं, मग गंधाचा पिवळा ओघळ गेला.

अप्पांचं जुनं मऊ धोतर अंथरून त्यावर चकती ठेवली, वर पंखा लावला. सुकल्यावर ती मेलेल्या फ्लॉपीच्या स्वच्छ कव्हरात सरकवली आणि कड टेपनं चिकटवली. दुकानदाराच्या त्या फ्लॉपीचा असा उपयोग झाला.

शाळेत हेडमास्तर खुर्ची ओढून शेजारीच बसले. फ्लॉपी घातली, ड्राइव्ह कुरकुरला आणि स्क्रीनवर आलं... अबॉर्ट, रिट्राय, फेल. म्हणजे फ्लॉपी वाचता येईना. मी रिट्राय दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबताना, खरं सांगतो, मी डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा हेडमास्तर वाकून तमिळ अक्षरं वाचत होते. सातचा पाढा त्यांनी स्वतः सोडवून पाहिला, एका उत्तरात चुकले आणि तरी खूश झाले. सोमवारपासून ये, म्हणाले.

मी त्यांच्याकडून एक कोरी फ्लॉपी मागून घेतली आणि आधी कॉपी काढली.

घरी आलो तर अम्मा स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. नोकरी मिळाली म्हटल्यावर आतूनच म्हणाली, "बरें झालें. तुझ्या वस्तूंना मी आतां हात लावत नाहीं."

मी नवी फ्लॉपी तिच्यापुढे धरली, कागदी पाकिटात घातलेली. म्हटलं, अम्मा, टिळा लाव. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "कोठें लावूं, सांग."

मी बोट ठेवून जागा दाखवली. तीन महिन्यांत तिला कधी जवळ बसवून हे काय आहे ते दाखवलंच नव्हतं... चूक झाली असेल, तर ती तिथे झाली होती.